नाव हरवलेला पक्ष

फुटीर पक्षांचा इतिहास आपण बहुधा मतांच्या आकड्यांतून वाचतो. फ्रान्समधील ब्रूनो मेग्रे यांच्या पक्षाचा इतिहास मात्र शब्दांच्या अंगाने वाचावा, असे आम्हांला वाटते.

मेग्रे हे एकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकलेले अभियंते. जाँ-मारी ल पेन यांच्या नॅशनल फ्रंटमध्ये ते दुसऱ्या क्रमांकाच्या स्थानापर्यंत पोहोचले. ल पेन सभा गाजवीत, वाद ओढवून घेत. मेग्रे यांचा भर परिभाषेवर होता. 'राष्ट्रीय प्राधान्य' हा शब्दप्रयोग पाहावा. त्यांचे सहकारी जाँ-इव्ह ल गालू यांच्या १९८५ च्या पुस्तकाचे ते शीर्षकच. ऐकायला निरुपद्रवी, अर्थ असा की नोकरी, घर, भत्ता यांच्या रांगेत परका शेवटी.

मार्सेलजवळच्या व्हित्रोलमध्ये या परिभाषेला सत्ता मिळाली. निवडणूक-खर्चाच्या प्रकरणी मेग्रे स्वतः अपात्र ठरल्याने त्यांच्या पत्नी कॅथरीन उभ्या राहिल्या आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये ५२.४८ टक्के मतांनी महापौर झाल्या. लगोलग पाट्या बदलल्या. नेल्सन मंडेला चौक 'प्रोव्हान्स चौक' झाला, साल्वादोर आयेंदे मार्गाला मदर तेरेसांचे नाव मिळाले. (स्कोप्येत जन्मून कोलकात्यात स्थायिक झालेली ही स्त्री स्थलांतरितच होती, हे कुणाच्या ध्यानी आले नसावे.) १९९८ मध्ये फ्रेंच वा युरोपीय पालकांच्या बाळांपुरता ५,००० फ्रँकचा जन्मभत्ता जाहीर झाला, न्यायालयाने तो रद्द केला.

फूट पडली तीही पत्नीवरूनच. १९९८ मध्ये ल पेन यांच्यावर अपात्रतेचे सावट आले, आणि युरोपीय निवडणुकीत आपल्या जागी पत्नी जानी यांना पुढे करण्याचा त्यांनी विचार मांडला. व्हित्रोलमध्ये हाच मार्ग पत्करलेल्या मेग्रे यांना तो रुचला नाही! डिसेंबरात त्यांची हकालपट्टी झाली. जानेवारी १९९९ मध्ये मारिन्यानच्या अधिवेशनात त्यांनी आपलाच नॅशनल फ्रंट खरा असल्याचा दावा केला. मे महिन्यात न्यायालयाने नाव ल पेन यांचे ठरवले. शब्दांवर हुकमत सांगणाऱ्याच्या हातून नेमका तोच एक शब्द गेला. जूनमध्ये त्यांना ३.२८ टक्के मते मिळाली, ल पेन यांना ५.६९. पाच टक्क्यांची अट असल्याने मेग्रे यांच्या पदरी एकही जागा आली नाही. 'राष्ट्रीय प्रजासत्ताक चळवळ' हे नवे नाव मतदारांच्या जिभेवर कधी रुळलेच नाही.

पुढचे थोडक्यात. २००२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मेग्रे २.३४ टक्के, ल पेन १६.८६, दुसऱ्या फेरीत मेग्रे यांनी ल पेन यांनाच मत देण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी १४ जुलैला अध्यक्ष शिराक यांच्यावर गोळी झाडणारा तरुण आदल्या वर्षी या पक्षाच्या यादीतून पालिका निवडणूक लढलेला निघाला. ऑक्टोबरात व्हित्रोलही गेले. २००८ मध्ये मेग्रे राजकारणातून बाजूला झाले.

मारीन ल पेन यांनी २०११ मध्ये वडिलांचा पक्ष हाती घेतला आणि 'राष्ट्रीय प्राधान्य'ऐवजी 'राष्ट्रीय अग्रक्रम' म्हणायला सुरुवात केली. मेग्रे यांच्यासोबत बाहेर पडलेले त्यांचे मेहुणे फिलिप ऑलिव्हिए पुढे त्यांचेच सल्लागार झाले. २०१८ मध्ये, ज्या नावासाठी कोर्टकचेरी झाली होती, ते 'नॅशनल फ्रंट' हे नावही पक्षाने स्वतःहून टाकून दिले.