लेफ्ट-पॅड प्रकरण

लेफ्ट-पॅड प्रकरण ही २२ मार्च, इ.स. २०१६ रोजी जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेच्या जगात घडलेली एक घटना होय. अझेर कोचुलू या मुक्त स्रोत प्रोग्रामरने एका नावाच्या वादातून आपली सर्व पॅकेजे एनपीएम या सार्वजनिक भांडारातून काढून घेतली. त्यांत लेफ्ट-पॅड नावाचे अवघ्या ११ ओळींचे एक पॅकेज होते. ते नाहीसे होताच त्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे विसंबून असलेल्या हजारो प्रकल्पांची बांधणी काही काळ अडून राहिली. या घटनेची ख्याती तिने केलेल्या नुकसानीपेक्षा तिच्यावर सॉफ्टवेअर विकासकांनी केलेल्या विनोदांमुळे अधिक टिकली. या विनोदांत व्यवसायाने स्वतःच्या परावलंबनाची दिलेली कबुली होती, तशीच एका गंभीर प्रश्नाला दिलेली बगलही होती.

पॅकेजचे स्वरूप

शाळेच्या हजेरीपटावर ७ हा क्रमांक ०००७ असा लिहायचा झाल्यास डावीकडे तीन शून्ये भरावी लागतात. लेफ्ट-पॅड हे पॅकेज एवढेच काम करी. दिलेल्या मजकुराची लांबी ठरावीक संख्येपेक्षा कमी असेल, तर ती पूर्ण होईपर्यंत डाव्या बाजूला रिकामी जागा किंवा सांगितलेले चिन्ह ते एकेक करून जोडत असे. प्रोग्रामिंगच्या पहिल्या काही आठवड्यांतील विद्यार्थ्यालाही ते लिहिता येईल. तरीही प्रकरणापूर्वीच्या एका महिन्यात ते सुमारे २५ लाख वेळा उतरवून घेतले गेले होते.

देवनागरी मजकुरासाठी मात्र हे काम वाटते तितके सरळ नाही. लेफ्ट-पॅड ज्या मोजणीवर चाले, तीत व्यंजन, हलन्त चिन्ह आणि मात्रा ही प्रत्येकी वेगळी गणली जातात. त्यामुळे ‘स्त्री’ हे वाचकाला एकच अक्षर दिसत असले, तरी संगणकाच्या लेखी त्याची लांबी ६ भरते. अशा मोजणीने केलेल्या मराठी याद्यांचे रकाने वेडेवाकडे दिसतात. जावास्क्रिप्टमध्ये पुढे आलेल्या अंगभूत सुविधेतही हीच मोजणी आहे.

घटनाक्रम

कोचुलू यांनी नव्या प्रकल्पांचा आराखडा तयार करून देणारे एक साधन ‘किक’ या नावाने एनपीएमवर ठेवले होते. कॅनडातील किक इंटरअ‍ॅक्टिव्ह या कंपनीचे त्याच नावाचे संदेशवहन अ‍ॅप लोकप्रिय होते. कंपनीने मार्च महिन्यात व्यापारचिन्हाचा हवाला देऊन ते नाव मागितले. कोचुलू यांनी ठाम नकार दिला. हा पत्रव्यवहार कंपनीने नंतर प्रसिद्ध केला. त्यात दोन्ही बाजूंची भाषा चढत गेलेली दिसते. अखेर एनपीएम चालवणाऱ्या कंपनीने, तिचे प्रमुख आयझॅक श्लुटर यांच्या निर्णयानुसार, ते नाव किक इंटरअ‍ॅक्टिव्हकडे सोपवण्याचे मान्य केले. ज्या भांडारात एक व्यक्ती कंपनीपुढे दुय्यम ठरते, तेथे आपले काम ठेवायचे नाही, अशी भूमिका घेऊन कोचुलू यांनी आपली अडीचशेहून अधिक पॅकेजे मागे घेतली.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. भारतात २३ मार्चची पहाट उजाडायची होती. जावास्क्रिप्टच्या नव्या रूपातील आज्ञावलीचे जुन्या रूपात भाषांतर करणाऱ्या बॅबेल या साधनासह अनेक प्रकल्पांची बांधणी ‘पॅकेज सापडत नाही’ असा संदेश देऊन थांबू लागली. सुमारे दहा मिनिटांत कॅमेरॉन वेस्टलँड या प्रोग्रामरने तेच काम करणारे पॅकेज त्याच नावाने चढवले, पण त्याचा आवृत्तिक्रमांक १.०.० होता. बॅबेलच्या साखळीतील लाइन-नंबर्स या मधल्या पॅकेजला नेमकी ०.०.३ हीच आवृत्ती हवी होती, म्हणून अडचण कायम राहिली. शेवटी एनपीएमने जुन्या प्रतीवरून मूळ आवृत्ती पूर्ववत केली. कर्त्याने मागे घेतलेले काम भांडारचालकांनी परत लावण्याचा हा प्रकार अभूतपूर्व होता. कायद्याच्या दृष्टीने तो शक्य झाला, कारण कोचुलू यांनी लेफ्ट-पॅडला अत्यंत सैल परवाना दिला होता. त्या परवान्याच्या नावातच एक असभ्य इंग्रजी शब्द आहे; त्याचा सभ्य मथितार्थ ‘हवे ते करा’ असा होतो. सारा गोंधळ सुमारे अडीच तास चालला आणि भारतातील कार्यालये उघडण्यापूर्वी मिटला.

विनोदी प्रतिक्रिया

वृत्तसंस्थळांनी ‘एका प्रोग्रामरने इंटरनेट मोडले’ अशा आशयाचे मथळे दिले. हे वर्णन अचूक नव्हते. आधीपासून चालू असलेली संकेतस्थळे चालूच राहिली. अडली होती ती नव्या आवृत्त्यांची बांधणी. विकासकांच्या विनोदाचा पहिला विषय हा अतिशयोक्त मथळा आणि ११ ओळी यांतील अंतर हाच होता.

सर्वांत गाजलेली थट्टा म्हणजे लेफ्ट-पॅडचे काम जालावरून पुरवणारी एक सेवा. आपला मजकूर, हवी ती लांबी आणि भरायचे चिन्ह दूरच्या संगणकाकडे पाठवावे, त्याने डावीकडे भर घालून उत्तर परत धाडावे, अशी तिची रचना होती. विशेष म्हणजे ती खरोखर चालत असे. त्या काळी प्रत्येक लहानसहान सुविधा भाडेतत्त्वावरील ‘सेवा’ म्हणून विकण्याची जी लाट आली होती, तिचे हे विडंबन होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही मराठी म्हण या थट्टेचे मर्म नेमके सांगते.

दुसऱ्या एका विडंबनात, दिलेली संख्या १३ आहे की नाही एवढेच सांगणारे पॅकेज तयार करण्यात आले. त्यावर अनेकांनी हौसेने भर घातली. संख्या साधारणपणे १३ आहे का, अमुक वर्षी जन्मलेली व्यक्ती १३ वर्षांची आहे का, हेही ते सांगू लागले आणि निरनिराळ्या भाषांतील ‘तेरा’ या अर्थाचे शब्द ओळखू लागले. निरुपयोगी वस्तूची इतक्या शिस्तीने केलेली जोपासना हाच त्यातील विनोद होता.

कित्येकदा विडंबनाची गरजही पडली नाही. संख्या सम आहे का हे सांगणारे एक पॅकेज एनपीएमवर आहे. ते संख्या विषम आहे का हे सांगणाऱ्या पॅकेजवर विसंबते, आणि ते पुन्हा संख्या ही संख्याच आहे का हे तपासणाऱ्या तिसऱ्यावर. उतरवलेली सर्व पॅकेजे ज्या फोल्डरात साठतात, त्याच्या वाढत्या आकारावरही एक चित्र दीर्घकाळ फिरत राहिले. विश्वातील जड वस्तू चढत्या क्रमाने दाखवणाऱ्या या चित्रात सूर्य, न्यूट्रॉन तारा आणि कृष्णविवर यांच्याही पुढे हे फोल्डर दाखवलेले असते.

या हास्याच्या मागे एक आरोप होता. डेव्हिड हॅनी यांनी दुसऱ्याच दिवशी लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकात ‘आपण प्रोग्रामिंग विसरलो आहोत का’ असा प्रश्न विचारला, आणि इतकी साधी कामे स्वतः लिहिण्याचा आग्रह धरला. आरोपात तथ्य होते, पण तो सर्वांना लागू पडत नव्हता. ज्यांची बांधणी अडली त्यांतील बहुतेकांनी लेफ्ट-पॅड निवडले नव्हते. त्याचे नावही ऐकले नव्हते. त्यांनी बॅबेल घेतले, बॅबेलच्या साखळीत लाइन-नंबर्स आले आणि त्याच्या पाठीमागून लेफ्ट-पॅड. शिवाय जावास्क्रिप्टच्या अंगभूत सुविधा तेव्हा तुटपुंज्या होत्या. उणीव भरून काढणारे, एकच काम करणारे, तपासून घेतलेले छोटे तुकडे वाटून घ्यावेत, हा विचार त्या समाजात जाणीवपूर्वक रुजवलेला होता.

थट्टेचा रोख ११ ओळी उसन्या घेणाऱ्यांवर राहिल्यामुळे मूळ वाद बाजूला पडला. विनामूल्य दिलेल्या कामावर कर्त्याचा हक्क कुठपर्यंत चालतो, आणि सार्वजनिक भांडार एका खाजगी कंपनीच्या ताब्यात असताना नावाचा निवाडा कोणी करावा, या प्रश्नांवर गंभीर चर्चा झाली. परंतु विनोदांत ते फारसे उतरले नाहीत. कोचुलू यांचे नाव अनेकांना आज आठवत नाही, पॅकेजचे आठवते.

धोरणातील बदल

आठवडाभरात एनपीएमने नियम बदलले. २४ तासांहून जुने पॅकेज परस्पर काढून घेण्यास मनाई झाली आणि इतर पॅकेजे ज्यावर विसंबून आहेत ते काढण्याची वाट बंद करण्यात आली. पुढे ही मुदत ७२ तासांची झाली. इ.स. २०२० मध्ये एनपीएम कंपनी गिटहबने विकत घेतली. जावास्क्रिप्टच्या २०१७ च्या मानकात डावीकडे भर घालण्याची अंगभूत सोय आली. लेफ्ट-पॅडही कालबाह्य घोषित करून वापरकर्त्यांना त्या सोयीकडे वळवण्यात आले.

नंतरचा काळ

ऑगस्ट २०२० मध्ये रँडल मन्रो यांनी आपल्या एक्सकेसीडी या व्यंगचित्रमालेत आधुनिक संगणकीय व्यवस्थेचा एक डळमळता मनोरा रेखाटला. त्याचा सारा भार तळाशी एका काडीएवढ्या ठोकळ्यावर आहे आणि तो ठोकळा नेब्रास्कातील कोणी एक अनाम व्यक्ती २००३ पासून कोणाच्याही आभारांविना सांभाळत आहे. लेफ्ट-पॅडच्या वेळी हसू पॅकेज वापरणाऱ्याचे झाले होते. येथे सहानुभूती ते सांभाळणाऱ्याकडे वळली. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा ग्रंथालयातील गंभीर सुरक्षा-त्रुटी उघड झाली आणि ते ग्रंथालय स्वयंसेवक सांभाळत असल्याचे सर्वांना कळले, तेव्हा हेच चित्र पुन्हा सर्वत्र दिसू लागले.

लेफ्ट-पॅडनंतर केलेला नियमच डिसेंबर २०२३ च्या अखेरीस एका थट्टेत सापडला. काही विकासकांनी ‘एव्हरीथिंग’ या नावाचे पॅकेज प्रसिद्ध केले. ते एनपीएमवरील प्रत्येक सार्वजनिक पॅकेजवर विसंबून होते. एका पॅकेजला इतकी अवलंबने पेलत नसल्याने ती तीन हजारांहून अधिक उपपॅकेजांत विभागण्यात आली होती. ज्यावर दुसरे पॅकेज विसंबून आहे ते काढता येत नाही, या नियमामुळे आता कोणालाच आपले काम काढून घेता येईना. आपल्या चाचणीपुरत्या चढवलेल्या किरकोळ पॅकेजांनाही लोक अडकून पडले. कर्त्यांना असा परिणाम अपेक्षित नव्हता. त्यांनी क्षमा मागितली आणि एनपीएमकडे मदतीची विनंती केली. जानेवारी २०२४ च्या आरंभी एनपीएमने हस्तक्षेप करून तो पसारा सार्वजनिक भांडारातून दूर केला.