फाईफ साहेबांचा तलाव आणि कृष्णाकाठचे पाणी

आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी आपल्यापैकी कोणा कर्त्या पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा आम्ही एका परकीय लष्करी इंजिनिअराचे कार्य वाचकांपुढे ठेवीत आहोत, याचे काहींस नवल वाटेल. परंतु कराड, वाळवे, पलूस, मिरज या तालुक्यांत ज्या ज्ञातिबांधवांच्या जमिनी पाटाच्या वा नदीच्या पाण्यावर भिजतात, त्यांच्या घरच्या सुबत्तेचा आणि अलीकडे त्याच घरांत शिरलेल्या एका चिंतेचा संबंध या मनुष्याने घातलेल्या पायंड्याशी पोहोचतो, असे आमचे मत आहे.

जे. जी. फाईफ हे कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यातील लष्करी इंजिनिअर दलाचे अधिकारी. 1862 साली हे दल विलायतेच्या रॉयल इंजिनिअर्समध्ये विलीन झाले. लष्करी इंजिनिअराचे मूळ काम म्हणजे रस्ते, पूल, तटबंदी आणि सुरुंग. परंतु सिंध प्रांत इंग्रजांनी घेतल्यावर तेथील कालव्यांची कामे याच दलाच्या अधिकाऱ्यांकडे आली, आणि तलवारीच्या पेशातला हा तरुण पाण्याच्या अभ्यासात शिरला. सिंधचे जुने कालवे नदीला पूर आला म्हणजे वाहावयाचे व पूर ओसरला की कोरडे पडावयाचे. रोहरीपासून बारमाही कालवे काढावेत, अशी सूचना फाईफ यांनी 1855 च्या सुमारासच मांडली होती. ती प्रत्यक्षात यावयास 1932 साल उजाडले. त्या वर्षी सक्कर येथील लॉइड बंधारा सुरू झाला. सरकारी दफ्तराची चाल अशीच मंद असते.

सन 1863 च्या सुमारास दख्खनच्या नद्यांची पाहणी करून दुष्काळी मुलखाला पाणी कसे देता येईल, याच्या तपासाचे काम फाईफ यांच्याकडे आले. आमच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील हा खरा पालट. यापुढे त्यांच्यावर बांधकामाआधी तपासाची जबाबदारी आली. पाऊस किती पडतो, नदीत पाणी किती महिने टिकते, ते कोणत्या उंचीवरून कोठवर नेता येईल, हे मोजून काढावयाचे होते. महाबळेश्वरी वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणच्या माळावर वीस इंचांचीही शाश्वती नसते. हा विषमपणा आपले वाडवडील जाणून होतेच. ओढ्यावर बंधारे घालून पाट काढण्याची विद्या आपल्याकडे इंग्रजांच्या पूर्वीची आहे. फाईफ यांनी या जाणिवेला मोजमापाची जोड दिली. लहानसहान कामांनी दुष्काळ हटणार नाही, सह्याद्रीच्या पायथ्याशी जेथे पावसाची खात्री आहे तेथेच पाणी अडविले पाहिजे, हा त्या तपासाचा निष्कर्ष. पुढच्या शतकातील आपली बहुतेक मोठी धरणे याच तर्काने बांधली गेली.

याच दशकात कराडच्या वर खोडशी येथे कृष्णेवर बंधारा घालून डाव्या तीरावरचा कृष्णा कालवा काढण्यात आला. तो आजच्या सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून वाहतो. पुण्याजवळ खडकवासल्यास मुठा नदीवर फाईफ यांच्या योजनेप्रमाणे दगडी धरण झाले. 1879 च्या सुमारास ते पुरे झाले, आणि त्याच्या जलाशयाला ‘लेक फाईफ’ असे नाव मिळाले. आज ते नाव कोणी घेत नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि पुणे बुडाले. पुढे त्याची दुरुस्ती झाली.

फाईफ व त्यांच्या काळचे इंजिनिअर पाणी शेतापर्यंत कसे आणावे याचा विचार करीत. ते शेतात आल्यावर पुढे जाते कोठे, हा प्रश्न मात्र त्यांनी पुरेसा विचारला नाही, आणि हा दोष आम्ही लहान मानीत नाही. काळ्या जमिनीत दिलेले जास्तीचे पाणी खाली उतरते. निचऱ्याला वाट नसली की जमिनीखालची पातळी वर चढते, मुळ्या गुदमरतात. पाणी पृष्ठाशी येऊन उन्हाने उडते आणि त्यातले क्षार मागे राहतात. प्रथम जमीन पाणथळ होते, मग तिच्यावर पांढरी खार फुटते, आणि शेवटी ती चोपण बनून तिच्यात नांगर धड चालत नाही. निरेच्या डाव्या कालव्यावर बारामतीकडे हे संकट लवकर दिसून आले.

हा न विचारलेला प्रश्न हाती घेण्यास फाईफ यांच्या तपासानंतर सुमारे पन्नास वर्षे लागली. 1916 साली मुंबई इलाख्याने पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी एक खास विभाग काढला. त्याचे प्रमुख क्लॉड इंग्लिस हे मुलकी इंजिनिअर होते. त्यांनी व त्यांच्या हिंदी सहकाऱ्यांनी दख्खनच्या कालव्यांखालील जमिनींचा निचरा हा अभ्यासाचा विषय केला. पुढे हे काम खडकवासल्यास फाईफ यांच्या धरणाच्या पायथ्याशी स्थिरावले, कारण जलाशयाचे पाणी उताराने आयते मिळे आणि नद्यांच्या लहान प्रतिकृतींत ते खेळविता येई. सक्करचे उजवे कालवे गाळाने भरू लागले, तेव्हा त्यावरचा उपाय येथेच प्रतिकृती करून शोधला गेला. सिंधमध्ये फाईफ यांनी पाहिलेल्या स्वप्नाची दुरुस्ती त्यांच्याच तलावाच्या पाण्यावर व्हावी, हा योगायोग आम्हास मोठा वाटतो. इंग्लिस पुढे 1947 पासून विलायतेतील जलसंशोधन संस्थेचे संचालक झाले. खडकवासल्याची संस्था आज केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र या नावाने चालू आहे.

आता आपल्या घरचे. कोयना धरणानंतर कृष्णेला उन्हाळ्यातही पाणी राहू लागले, उपसा योजना झाल्या, साखर कारखाने उभे राहिले, आणि ऊस हेच पीक झाले. बारामतीला जे घडले तेच वाळवे, पलूस, मिरज या तालुक्यांत घडत आहे. ज्या काळ्या रानावर मुलींची लग्ने झाली व मुले पुण्या-मुंबईस शिकली, ते रान खारपड होऊन पडले आहे. खताची पोती वाढवून ते सुधारत नाही. कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्रात अशा जमिनींवर काम चालते. जेथे चोपण झाली असेल तेथे माती तपासून जिप्सम, हिरवळीसाठी धैंचा वा ताग, पाण्याला आवर, आणि जमिनीखाली सच्छिद्र नळ पुरून निचरा, हे उपाय आहेत.

नळ आपल्या वावरात पुरणे एकट्यास साधते. त्यातून निघणारे खारे पाणी ओढ्यापर्यंत नेणारा मोठा चर मात्र आठ-दहा खातेदारांच्या बांधांतून जातो, आणि एकानेही वाट नाकारली की वरची सारी रानं तुंबतात. आपल्या मंडळाच्या सभासदांत असे बांधाला बांध लागलेले खातेदार पुष्कळ आहेत. चराला वाट देण्याचे बोलणे ऊस तुटून गेल्यावर, उन्हाळ्यातच उरकावे लागते, कारण मृगाचा पाऊस लागला की काळ्या जमिनीत खोदाई होत नाही.