खाच जुळली म्हणजे रॅम जुळली असे नाही

पुणे-सातारा महामार्गाला कापूरहोळला दोन वाटा फुटतात. एक भोरला जाते, दुसरी नारायणपूरवरून सासवडला. अशा फाट्यावरचे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन फॉर्म भरायचे दुकान चालते ते सातबारा, परीक्षेचे अर्ज आणि पासपोर्ट फोटो यांच्यावर. तिथला संगणक बहुधा दहा-बारा वर्षांचा असतो. ब्राउझरचे चार टॅब उघडले की 4 जीबी रॅम धापा टाकू लागते. रॅम वाढवावी हे सगळ्यांनाच कळते, पण सुट्या भागांचा बाजार पुण्यात. चुकीची पट्टी आणली तर एसटीचे भाडे आणि एक दिवस वाया जातो, वर परतीची हुज्जत घालावी लागते ती वेगळीच.

रॅम जुळण्याच्या तीन पातळ्या आहेत. पट्टी स्लॉटमध्ये बसली पाहिजे, प्रोसेसरला तिच्यावरच्या चिप वाचता आल्या पाहिजेत आणि दोघांचा वेग जमला पाहिजे. गिऱ्हाईक सगळ्यात जास्त चौकशी वेगाची करते आणि नेमका वेगच आपोआप जमतो. फसवणूक होते ती मधल्या पातळीवर, कारण तिथे डोळ्यांना काही दिसत नाही.

पहिली पातळी सोपी. डीडीआर3 ला 240 पिना आणि 1.5 व्होल्ट, डीडीआर4 ला 288 पिना आणि 1.2 व्होल्ट. डीडीआर5 लाही 288 पिनाच, पण व्होल्टेज 1.1 आणि खाच वेगळ्या जागी. त्यामुळे एका पिढीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. जोर लावू नये, एवढेच सांगणे. लॅपटॉपची पट्टी जवळपास निम्म्या लांबीची असते, तिचा इथे संबंध नाही.

दुसऱ्या पातळीसाठी एक गोष्ट माहीत हवी. रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर पूर्वी मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असे. एएमडीने 2003 मध्ये आणि इंटेलने 2008 मध्ये तो प्रोसेसरच्या पोटात नेला. म्हणून नुसते मदरबोर्डचे नाव सांगून भागत नाही. एच61 चिपसेटचे बोर्ड अजून जागोजागी चालू आहेत. त्यावर दुसऱ्या पिढीचा आय3 असेल तर रॅम 1333 ने चालते. त्याच बोर्डावर तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर बसवला तर 1600 ने चालू शकते. स्लॉट दोन, प्रत्येकी 8 जीबी, म्हणजे कमाल 16.

आता जुनी पट्टी काढून तिचे लेबल वाचा. समजा त्यावर 4 जीबी, 2आर×8, पीसी3-10600यू असे छापले आहे. प्रोसेसर एका वेळी 64 तारांवरून माहिती घेतो. ×8 म्हणजे एक चिप त्यातल्या 8 तारा सांभाळते, तेव्हा 64 तारांना 8 चिप लागतात. अशा एका पूर्ण गटाला रँक म्हणतात. 2आर म्हणजे दोन रँक, एकूण 16 चिप. 4 जीबीला 16 ने भागले की एका चिपला 2 गिगाबिट येतात. पीसी3 म्हणजे डीडीआर3. 10600 म्हणजे सेकंदाला सुमारे तेवढे मेगाबाइट. 64 तारा म्हणजे 8 बाइट, म्हणून वेगाच्या 1333 ला 8 ने गुणून पाहा. शेवटचा 'यू' सांगतो की ही साधी डेस्कटॉपची पट्टी आहे. तिथे 'आर' असेल तर ती सर्व्हरमधून काढलेली. स्वस्त मिळते, दिसायलाही सारखीच, पण घरगुती बोर्डावर चालत नाही.

बाजारात डीडीआर3 ची 8 जीबीची एक पट्टी बाकीच्यांपेक्षा बरीच स्वस्त मिळते. तिच्यावरही 16 चिप, स्लॉटमध्येही नीट बसते, पण चिप ×4 जातीच्या असतात. अशा 4 गिगाबिटच्या चिपमध्ये स्तंभांचा पत्ता 11 बिटांचा असतो, ×8 मध्ये 10 बिटांचा. इंटेलचा डेस्कटॉप कंट्रोलर ×8 आणि ×16 चिपच ओळखतो. पोस्टमनच्या यादीत घर क्रमांक दोन अंकी आणि गल्लीत घरे दीडशे, अशातली गत. काही एएमडी बोर्डांवर ती चालते, म्हणून विकणारा 'एएमडीसाठी' असे बारीक अक्षरात लिहून मोकळा होतो. मी स्वतः अशी पट्टी आणून, बोर्डाची टूं-टूं ऐकत, सोनेरी पिना खोडरबरने दोनदा घासल्या आहेत. दमट हवेत पिनांवर थर बसतो तेव्हा खोडरबर कामाला येतो. इथे त्याचा काय उपयोग?

उलट टोकाची चूकही होते. 8 जीबीच्या पट्टीवर फक्त 8 चिप दिसल्या तर प्रत्येक चिप 8 गिगाबिटची. इंटेलच्या दुसऱ्या ते चौथ्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरला तीही झेपत नाही. त्यांना 8 जीबी हवी तर 2आर×8 हीच खूण बघायची.

वेगाबद्दल थोडक्यात. प्रत्येक पट्टीवर एक इवलीशी एसपीडी चिप असते, तिच्यात पट्टीचे वेग आणि टायमिंग नोंदलेले असतात. बोर्ड ते वाचतो आणि सगळ्यांना परवडेल अशा, म्हणजे सर्वांत संथ पट्टीच्या, वेगाने चालतो. आकडा मोठा म्हणून प्रतिसाद लवकर, असेही नाही. सीएल म्हणजे मागणीनंतर थांबायची घड्याळाची आवर्तने. डीडीआर3-1600 सीएल11 आणि डीडीआर4-3200 सीएल22, दोन्हींत पहिले अक्षर यायला 13.75 नॅनोसेकंदच लागतात. वाढते ती एकावेळची वाहतूक. तेव्हा 1333 च्या बोर्डासाठी 1600 ची पट्टी मिळाली तर बिनधास्त घ्या, जास्तीचे पैसे मात्र देऊ नका.

दोन स्लॉटमध्ये सारख्या पट्ट्या असल्या तर दोन्ही वाहिन्या एकत्र चालतात. पण फॉर्म भरायच्या कामात एकूण क्षमता जास्त मोलाची. जुनी 4 ठेवून शेजारी 8 लावली तरी इंटेलचे बोर्ड पहिले 4-4 जीबी जोडीने वापरतात आणि उरलेले एकेरी. विंडोज 32 बिटचे असेल तर हा सगळा खटाटोप फुकट, 4 जीबीच्या वर ते जात नाही. हार्ड डिस्क अजून फिरणारीच असेल तर आधी एसएसडी बसवा, फरक तिथे जास्त पडेल. आणि नवी डीडीआर3 महाग पडत असेल तर जुनी, तपासून दिलेली घ्या. या संगणकावर फार खर्च करण्यात अर्थ नाही, कारण विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपला, आणि या जुन्या प्रोसेसरांना विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही.

स्वारगेटची गाडी पकडण्याआधी संगणक बंद करून जुनी पट्टी काढा, कागदात गुंडाळून खिशात ठेवा. प्रोसेसरचे आणि बोर्डाचे नाव मोबाइलमध्ये टिपून घ्या. दुकानात वेग विचारू नका, नव्या पट्टीवर 2आर×8 छापले आहे का ते आधी दाखवायला सांगा.