पाठभेद आणि आरसिंक

धुळ्याचंच उदाहरण घेऊ. शंकर श्रीकृष्ण देवांनी 1905 साली दासबोध छापला, तो डोमगावच्या मठातल्या कल्याणस्वामींच्या हस्तलिखितावरून. दोन पोथ्या ताडायच्या तर दोन्ही हाताशी हव्यात, मगच ओवीला ओवी लावून बघायची.

संगणकांचंही तेच होतं. 1996 मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आरसिंक लिहिलं. समजा, जुनी प्रत धुळ्यात, नवी जळगावात. धुळ्याचा संगणक आपल्या फाइलचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यावरून काढलेला खुणेचा आकडा तेवढा जळगावला धाडतो. जळगावचा संगणक एकेक बाइट पुढे सरकत त्या खुणा शोधतो. जुळलं ते पाठवायचंच नाही, उरलेलं फक्त जातं. हे सरकणं फार महत्त्वाचं, बरं का! मध्येच एक ओळ घुसली तरी पुढचा मजकूर ओळखू येतो.

आम्हाला खटकतं ते वेगळंच. पोथीचा संपादक पाठभेद तळटीपेत जपतो. आरसिंक जुन्या प्रतीच्या जागी नवी ठेवतं. जुनी राखायची तर तसं मुद्दाम सांगावं लागतं. बाडांची छायाचित्रं दोन गावी ठेवली आणि एकीकडची कुणी चुकून बदलली, तर खरी कोणती हे त्याला कळत नाही. आपण सांगू त्या दिशेने ते नेतं.