बफराची लांबी कोणी मोजायची?

त्रिकोण काढायचा तर त्याचे तीन शिरोबिंदू ग्राफिक्स कार्डाला मेमरीतून वाचावे लागतात; ते जिथे ठेवलेले असतात तो व्हर्टेक्स बफर. तो जोडलाच नसेल किंवा तोकडा पडला, तर सांभाळायचे कोणी? १९९७ च्या ओपनजीएल १.१ या ग्राफिक्स इंटरफेसने ही जबाबदारी प्रोग्रामरवर टाकली होती, पण त्यामागे तत्त्वापेक्षा नाइलाज अधिक होता. शिरोबिंदूंची रांग देताना ड्रायव्हरला घटकांची संख्या, त्यांचा प्रकार, दोन बिंदूंमधले अंतर आणि मेमरीतला पत्ता एवढेच कळवले जाई. रांग कुठे संपते हे सांगायची सोयच नव्हती. लांबीच ठाऊक नसलेला ड्रायव्हर तपासणार तरी काय? तो पुढची मेमरी वाचत सुटे, आणि मग पडद्यावर विस्कटलेले त्रिकोण दिसत किंवा प्रोग्राम कोसळे.

२००३ मध्ये ओपनजीएल १.५ सोबत बफर ऑब्जेक्ट आले आणि बफराचा आकार आधीच बाइटमध्ये सांगावा लागू लागला. तपासणीला लागणारी माहिती हाती आली, तरी तपासणीची सक्ती झाली नाही. बफर जोडायचा राहिला, तर ऑफसेट म्हणून, म्हणजे बफराच्या सुरुवातीपासूनचे अंतर म्हणून, दिलेली संख्या थेट मेमरीचा पत्ता समजली जाई. शून्य ऑफसेटचा शून्य पत्ता होई. सक्ती आली ती मार्च २०११ मध्ये, ब्राउझरसाठीच्या वेबजीएल १.० बरोबर: बफर नसेल किंवा अपुरा असेल, तर चित्र न काढता त्रुटी कळवायची. ही आठ वर्षे मला महत्त्वाची वाटतात. ज्ञान होते, निकड नव्हती. तोवर प्रोग्राम आपण निवडून यंत्रावर बसवत होतो. ब्राउझरमध्ये मात्र अनोळखी पानाचा कोड चालू लागला, आणि बफराबाहेर वाचणे म्हणजे दुसऱ्याच्या मेमरीत डोकावणे ठरले.

तपासणीने वेग घटतो, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. दोन बिंदूंमध्ये २४ बाइटचे अंतर असेल आणि प्रत्येकाचे स्थान पहिल्या १२ बाइटांत असेल, तर तीन बिंदूंना ६० बाइट पुरतात. शेवटच्या बिंदूमागची मोकळी जागा धरायची नसते, म्हणून ७२ लागत नाहीत. एक गुणाकार, एक बेरीज, एक तुलना. इंडेक्स, म्हणजे कोणता बिंदू घ्यायचा हे सांगणारे क्रमांक, वापरले की मात्र प्रत्येक इंडेक्स पाहावा लागतो आणि तो खर्च खरा आहे. २०१६ च्या व्हल्कनने म्हणूनच बफराच्या मर्यादा पाळण्याचे संरक्षण ऐच्छिक ठेवले. मग चुकीच्या वाचनाला शून्य देऊन मोकळे का होऊ नये? कारण शून्याने यंत्र वाचते, पण चूक झाकली जाते. सगळे बिंदू एकाच जागी गोळा होतात, त्रिकोणाला क्षेत्रफळच उरत नाही, आणि प्रोग्रामर भलतीकडेच दोष शोधत बसतो. म्हणूनच २०२३ मध्ये क्रोममध्ये आलेल्या वेबजीपीयूने केलेली विभागणी मला योग्य वाटते. इंडेक्समधल्या संख्यांना ग्राफिक्स कार्डावर आवर घातला जातो. जे आधीच मोजता येते, ते आधीच मोजले जाते. तिथे व्हर्टेक्स बफर एका बाइटने जरी कमी पडला, तरी त्या कमांड बफरातली, म्हणजे एकत्र पाठवायच्या आज्ञांच्या संचातली, एकही आज्ञा ग्राफिक्स कार्डापर्यंत जात नाही.