ओल्या कपड्यांचा इतिहास

एनरडेलच्या शर्यतीत पळायला लागण्याआधी पाठीवरची पिशवी उघडून दाखवावी लागते. डोकं झाकणारं, शिवणींवर आतून पट्टी मारलेलं पावसाळी जॅकेट, तशीच विजार, लोकरी टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि अडीअडचणीला लागेल म्हणून ठेवलेलं खाणं. यातलं काही नसेल तर पळू देत नाहीत. नव्याने आलेल्यांना हा जाच वाटतो. मी लँकेशरमध्ये नर्स आहे आणि ही यादी कशी तयार होत गेली ते मी खूप वाचलं आहे, त्यामुळे तपासणीच्या रांगेत मला कधीच घाई नसते.

उत्तर इंग्लंडातल्या उघड्याबोडक्या डोंगरांना फेल म्हणतात, त्यांवरच्या शर्यती त्या फेल रेस. बहुतेक ठिकाणी वाट आखलेली नसते. ठरलेल्या शिखरांवर हजेरी लावायची, मधला रस्ता आपला आपण शोधायचा. लेक डिस्ट्रिक्टमधल्या एनरडेल खोऱ्याला वेढणाऱ्या डोंगरधारेवरून ही शर्यत जाते. अंतर साधारण २३ मैल, चढ साडेसात हजार फूट, म्हणजे पायथ्यापासून सिंहगड तीन-चारदा चढल्याइतका.

सुरुवातीच्या शर्यती एवढ्या लांब नव्हत्या. ग्रासमिअरला १८६८ पासून वाटाड्यांची शर्यत होऊ लागली. मैदानातून समोरचा डोंगर चढायचा, वळसा घालून खाली यायचं, आणि सगळा गाव ते खालून बघतोय. स्कॉटलंडात १८९५ साली फोर्ट विल्यमच्या विल्यम स्वानने बेन नेव्हिस चढून-उतरून २ तास ४१ मिनिटांत पुरा केला. आणि १८९९ मध्ये स्काय बेटावर आपल्याकडच्या फौजेतला एक माणूस पळाला, त्याचं नाव हरकबीर थापा. पाचव्या गुरखा पलटणीचा हा जवान स्लिगाकनच्या खानावळीपासून ग्लॅमेग डोंगराच्या माथ्यावर अनवाणी गेला आणि ५५ मिनिटांत परत आला. चढायला ३७, उतरायला १८. त्याला तिथे नेणारा अधिकारी चार्ल्स ब्रूस पुढे एव्हरेस्ट मोहिमांचा प्रमुख झाला. हरकबीरचा तो विक्रम जवळजवळ नव्वद वर्षं टिकला. फेल रेसच्या गप्पांत मी त्याचं नाव आवर्जून काढते, कारण इथले लोक ते आदराने ऐकतात आणि आपल्याकडे ते कुणाला माहीतच नसतं.

तासाभराच्या शर्यतीत हवा बिघडली तरी माणूस निभावून नेतो. अंगात ऊब आहे तोवर तो खाली पोचलेला असतो. अंतरं वाढली तसा पाऊस आणि वारा या खेळात खरे उतरले.

अंतर वाढवणाऱ्यांत मला सगळ्यात जवळचा वाटतो बॉब ग्रॅहम. केझिकमध्ये अतिथिगृह चालवणारा हा गृहस्थ जून १९३२ मध्ये ४२ शिखरं चोवीस तासांच्या आत फिरून आला. अंगात पायजम्यावरचा सदरा, पायात टेनिसचे बूट, खायला उकडलेली अंडी आणि लोणी-पाव. पण तो एकटा नव्हता. टप्प्याटप्प्याने मित्र बरोबर पळत होते. पुढे १९६० मध्ये क्लेटन-ले-मूर्स हॅरिअर्स या लँकेशरच्या क्लबातल्या अ‍ॅलन हीटनने ती फेरी पुन्हा पुरी केली, आणि १९७१ मध्ये ग्रॅहमच्या नावाने क्लब निघाला. त्या क्लबाचं सभासद व्हायचं तर प्रत्येक शिखरावर तुमच्याबरोबर साक्षीदार लागतो. नियम पुराव्यासाठी केलेला, पण त्यामुळे धुक्यात आणि रात्री नवख्या माणसाशेजारी वाट माहीत असलेलं कुणीतरी असतंच. क्लबातले लोक दुसऱ्याच्या फेरीसाठी पहाटे तीनला उठून भिजत उभे राहतात. उद्या आपल्यासाठीही कुणी राहील, हे त्यात गृहीत असतं.

या साऱ्या इतिहासात एका दिवसापाशी मी पुन्हापुन्हा येते. १४ मार्च १९६४. डर्बीशरमधली ‘फोर इन्स’ ही पळण्याची नव्हे, चालण्याची स्पर्धा. चार खानावळींना जोडणारा चाळीस मैलांहून लांब पल्ला, स्पर्धक रोव्हर स्काउट, म्हणजे तरणीताठी मुलं. त्या दिवशी पाऊस होता, जोराचा वारा होता, आणि तापमान गोठणबिंदूच्या जरा वर. बर्फ असतं तर कदाचित जास्त काळजी घेतली गेली असती. तिघे जण दगावले. ग्रिफिथ प्यू या शरीरशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला आणि त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये छापला. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचं पाणी, प्राणवायू, कपडे यांचं गणित ज्याने मांडलं, तोच हा प्यू. तो लेख मी रुग्णालयाच्या ग्रंथालयात वाचला. त्याने मुलांचे कपडे मोजले, त्यांचा वेग आणि थकवा मांडला. कोरड्या कपड्यांत जी ऊब टिकते तिचा मोठा भाग भिजल्यावर आणि वारा लागल्यावर निघून जातो. जोरात चालत असेपर्यंत स्नायू ती तूट भरून काढतात. दमून चाल मंदावली की भरपाई थांबते आणि शरीर झपाट्याने गार पडतं. तब्येतीने धट्टाकट्टा माणूस दोन-तीन तासांत कसा जातो, याचं एवढं स्वच्छ उत्तर त्याआधी कुणी दिलं नव्हतं. त्याच वर्षी त्या भागातल्या, म्हणजे पीक डिस्ट्रिक्टमधल्या, बचाव पथकांची एकत्र संघटना उभी राहिली.

भिजून दमलेलं शरीर असं गार पडताना मी एनरडेलमध्ये हाताच्या अंतरावरून पाहिलं. जून महिना, पण कर्क फेलवर पाऊस आडवा लागत होता आणि दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. आम्ही आमच्या धावण्याच्या क्लबातले तिघे एकत्र होतो. ब्लॅक सेल खिंडीत उतरलो तेव्हा आमच्यातला साठीचा गडी पिशवीची चेन उघडायला लागला. बोटं चेनवरून घसरत होती, पुन्हा घसरत होती, आणि तो त्याकडे लक्ष नसल्यासारखा हसला. “मी ठीक आहे” म्हणाला, पण शब्द जिभेला चिकटून येत होते. खूप चांगला धावपटू, हे डोंगर त्याला तोंडपाठ. तरी त्याला स्वतःचं कळत नव्हतं, आणि हेच त्या थंडीचं वाईट असतं. मी त्याची चेन उघडली, कोरडा सदरा आणि जॅकेट चढवलं, टोपी कानांवर ओढली, तोंडात साखरेच्या गोळ्या कोंबल्या. समोर पिलरचा डोंगर होता. आम्ही तिघेही तिथूनच खाली वळलो. मेंढपाळांच्या जुन्या झोपडीचं आता वसतिगृह झालंय, तिथे त्याला ऊब दिली. तो नीट बोलायला लागल्यावर जंगलातल्या रस्त्याने शर्यत संपते तिथे जाऊन आमचे नंबर खोडून घेतले.

नंबर खोडणं ही फार मोठी गोष्ट आहे. शर्यत सोडलेला माणूस परस्पर घरी गेला तर बचाव पथक रात्रभर डोंगरावर त्याला शोधत राहतं. १९७० मध्ये फेल धावपटूंची संघटना निघाली, १९७८ मध्ये यॉर्कशरच्या थ्री पीक्स शर्यतीत एक धावपटू गारठून गेला, त्यानंतरही अधूनमधून असे मृत्यू झाले, आणि दरवेळी सामानाचे आणि माणसं मोजण्याचे नियम आवळत गेले. ऑक्टोबर २००८ मध्ये बॉरोडेलला दोघादोघांच्या जोड्यांची डोंगरी मॅरेथॉन पुरामुळे मधेच थांबवावी लागली. सतराशे लोकांचा पत्ता नाही, अशा बातम्या देशभर गेल्या. ते लोक शेतकऱ्यांच्या गोठ्यांत, हॉनिस्टरच्या पाटीच्या खाणीत किंवा स्वतःच्या तंबूत होते. तंबू, झोपायची पिशवी, शिधा पाठीवर असणं त्या स्पर्धेत सक्तीचंच आहे, आणि प्रत्येकाबरोबर जोडीदार. सगळे सुखरूप सापडले.

याच्या उलट मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात घडलं. शंभर किलोमीटरच्या शर्यतीत उंचावर अचानक गारा, पाऊस आणि वारा आला, आणि १७२ धावपटूंपैकी २१ जण मेले. त्यांत देशातले नामवंत धावपटू होते. वारा अडवणारं जॅकेट सक्तीच्या यादीत नव्हतं, बहुतेक जण अर्ध्या चड्डीत होते. सहा जण वाचले ते एका मेंढपाळाने त्यांना गुहेत नेऊन शेकोटी पेटवली म्हणून. ती बातमी वाचून मी फार अस्वस्थ झाले. प्यूने सांगितलेलं छापून तेव्हा सत्तावन्न वर्षं झाली होती.

आता सह्याद्रीतही गडांवरून लांबच्या शर्यती होतात. पुण्या-साताऱ्याचे ओळखीचे लोक इथल्या सामानाची यादी मागतात. मी ती जशीच्या तशी पाठवत नाही. आपल्याकडे माणसाला ऊन मारतं, म्हणून मी त्यांना आधी विचारते, पाण्याच्या दोन टाक्यांमध्ये अंतर किती आहे, मीठ कोण देणार, आणि उघड्या धारेवर कुणी बसून राहिलं तर ते खाली कुणाला आणि किती वेळात कळणार.