बाटलीतला पैलवान

थायलंडमधल्या मासेपाळाच्या फळीवर काचेच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या असतात आणि दर दोन बाटल्यांमध्ये पुठ्ठ्याचा एक तुकडा खोचलेला असतो. एका बाटलीत एकच नर. शेजारचा दिसला तर दिवसभर काचेवर डोकं आपटत बसेल, म्हणून हा आडपडदा. पारख करायची वेळ आली की मासेपाळ पुठ्ठा उचलतो आणि बघत बसतो. एक नर क्षणात काचेवर धावून जातो, कल्ल्यांची झाकणं फुलवतो, गळ्याशी काळी दाढी काढतो. दुसरा तळाशी अंग चोरतो. तिसरा आधी अंदाज घेतो, सावकाश फुलतो, पण एकदा फुलला की मिटायचं नाव घेत नाही. तिघंही एकाच घरट्यातले सख्खे भाऊ असू शकतात. झुंजीला कोण, विणीला कोण आणि नुसतं शोभेला कोण, याचा निकाल अशा बघण्यातूनच लागत आला.

थायी भाषेत या माशाला ‘प्ला कात’ म्हणतात, म्हणजे चावरा मासा. आपल्याकडे दुकानात तो ‘फायटर’ या नावानं मिळतो. जेमतेम दोन-अडीच इंचांचा हा जीव मूळचा भातखाचरांतला आणि साचलेल्या पाण्यातला. अशा पाण्यात प्राणवायू कमी. म्हणून त्याच्या डोक्यात एक खास श्वसनेंद्रिय असतं, आणि तो वर येऊन थेट हवेचा घोट घेतो. बाटलीत तग धरतो तो याच बळावर. ते नसतं तर बाटल्या काखोटीला मारून झुंजीला जाण्याचा शौक जन्मालाच आला नसता.

हा शौक किती जुना? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार हा मासा माणसाळायला किमान हजार वर्षांपूर्वी सुरुवात झाली. म्हणजे पोर्तुगीज जहाजं आशियात पोचायच्या कितीतरी आधी खाचरांतला नर मडक्यात आला होता. पाळणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या निवड केली ती दमाची. रानातला नर चार तडाखे देऊन-घेऊन काढता पाय घेतो, कारण त्याला पळायला जागा असते. पाळीव वाणाचे नर मात्र तासन्‌तास हटत नाहीत. परदेशी वर्णनांत ही झुंज मरेपर्यंत चालते असा रंग भरलेला आढळतो. प्रत्यक्षात एकानं पाठ फिरवली की खेळ संपतो. पैज लागते ती कोण आधी खचतो यावर.

एकोणिसाव्या शतकात सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, हे वेड इतकं होतं की झुंजी भरवण्याच्या परवान्यांतून राजाच्या तिजोरीत चांगला महसूल जमा होई. तिसऱ्या रामाच्या कारकिर्दीत, १८४० साली, दरबाराकडचे काही मासे थिओडोर कॅन्टर यांच्या हाती आले. कॅन्टर मूळचे डेन्मार्कचे, पेशानं डॉक्टर, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत. १८४९ मध्ये त्यांनी मलाया भागातल्या माशांची सूची छापली, तीही कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात. तीत त्यांनी या माशाला ‘पग्नॅक्स’ हे लॅटिन विशेषण लावलं. अर्थ सरळ आहे: भांडखोर.

पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या चार्ल्स टेट रेगन यांच्या लक्षात आलं, की ‘पग्नॅक्स’ हे नाव याच कुळातल्या दुसऱ्या माशानं आधीच अडवलं आहे. मग १९१० मध्ये बारसं पुन्हा झालं आणि मासा ‘बेट्टा स्प्लेन्डेन्स’ झाला, म्हणजे देखणा, झळाळता. कागदोपत्री भांडखोरपणा पुसला गेला तो नियमाच्या अडचणीमुळे. माशाची बाजू कुणी घेतली नव्हती.

घ्यायला हवी होती. कारण हाच नर तोंडातून बुडबुडे सोडून पाण्याच्या पृष्ठभागावर फेसाचं घरटं बांधतो. मादीनं अंडी घातली की ती खाली पडताना तोंडात झेलून एकेक करून फेसात ठेवतो. मग मादीला हुसकावून लावतो आणि एकटा पहारा देतो. निसटलेलं पिल्लू पुन्हा पुन्हा घरी आणतो. यातही सगळे सारखे नसतात. कुणी मन लावून घरटं राखतो, तर कुणी घाबरला की स्वतःचीच अंडी फस्त करतो. पैदास करणाऱ्याला हे हिशेबात धरावंच लागतं.

प्रयोगशाळेची दारं त्याला विसाव्या शतकात उघडली. १९६३ मध्ये ट्रॅव्हिस थॉम्पसन यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की हा मासा एका कड्यातून पोहून जायला शिकतो आणि त्याबदली त्याला खाऊ लागत नाही. आरशातलं स्वतःचं रूप, म्हणजे त्याच्या लेखी वैरी, दिसलं तरी पुरे. भांडणाची ही हौस वाचून गावातले दोन-चार चेहरे डोळ्यांसमोर येणारच.

त्याहून मजेदार गोष्ट रुई ऑलिव्हेरा, पीटर मॅक्ग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९९८ मध्ये मांडली. काचेपलीकडे दोन नर भांडत होते आणि तिसरा नुसता बघत होता. नंतर त्या बघ्याची दोघांशी गाठ घालून दिली, तेव्हा हरलेल्याकडे तो लगेच गेला, जिंकलेल्याच्या वाटेला जायला मात्र त्यानं वेळ घेतला. कोण कसा आहे, हे मासा दुसऱ्याच्या भांडणातून टिपून ठेवतो, असा याचा अर्थ. २००१ च्या प्रयोगांत तर मादी बघत असताना नरांची भांडण्याची तऱ्हाच बदललेली दिसली.

स्वभावातला हा फरक येतो कुठून? याचा छडा झुंजार माशावर लावणं कठीण, कारण भावाभावांच्या रक्तातही फरक असतोच. बर्लिनमधल्या संशोधकांनी म्हणून ‘अमेझॉन मॉली’ हा मासा निवडला. या जातीत सगळ्या माद्याच, आणि लेकी आईच्या हुबेहूब जनुकीय प्रती. जन्मल्या दिवसापासून काही पिल्लांना एकेकटं, अगदी सारख्या टाक्यांत वाढवलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आला: रक्त एक, पाणी एक, खाणं एक, तरी प्रत्येकीची चाल वेगळी. एक सतत फिरती, एक जागेवर थबकलेली. नेमकं कारण हाती लागलं नाही. बाटल्यांच्या फळीपुढे बसणाऱ्याला मात्र या निष्कर्षाचं फारसं नवल वाटलं नसतं.

थायलंडमध्ये आज पैसा आहे तो मुख्यतः रंगात. २०१६ मध्ये थायी झेंड्याच्या रंगांचा एक नर ऑनलाइन लिलावात ५३,५०० बाटला गेला, आणि २०१९ मध्ये सरकारनं ‘प्ला कात’ला राष्ट्रीय जलचर घोषित केलं. शोभेच्या वाणांचे पर काही वेळा इतके वाढवले आहेत की नराला धड पोहता येत नाही, लढणं लांबच. सौंदर्याची ही कल्पना पटणं अवघड आहे.

मुंबई-पुण्याच्या दुकानांतही हेच लांबपरी नर काचेच्या पेल्यात किंवा फुगवलेल्या पिशवीत लटकत असतात. थायी मासेपाळ पाणी मऊ राहावं म्हणून त्यात देशी बदामाचं वाळकं पान टाकतात. इथले शौकीन तेच पान कधी विकत घेतात, कधी रस्त्यावरून उचलून आणतात. झाड तर आपल्या फुटपाथांवर पावलोपावली आहे. गिऱ्हाईक निळा हवा की लाल, हे बोटानं दाखवतं आणि पैसे काढतं. मुरलेला शौकीन मात्र दुकानदाराला आधी मधला पुठ्ठा काढायला सांगतो.